मॅनेजर, जर्मनी

बापू, चौकातल्या फ्लेक्सवर तुमचा फोटो झकास आलाय. आपल्या ज्योतीच्या लग्नातला, फेट्यातला. छापणाऱ्यानं मिशा जरा जास्तच काळ्या केल्यात, पण ते तुम्हाला चाललं असतं. खाली ‘शोकाकुल’ म्हणून नावांची रांग आहे आणि सगळ्यात वर मी. हेमंत, मॅनेजर, जर्मनी. अग्नी तुम्हाला माझ्या चुलतभावानं दिला. मी पोचलो तो तिसऱ्या दिवशी, राख सावडायला. बहादरपूरच्या चौकात रिक्षातून उतरलो आणि पहिलं दर्शन झालं ते तुमचं आणि या मॅनेजरचं. रडू यायच्या आधी मला राग आला. बापाच्या मरणात आधी राग येणारा मुलगा म्हणून नावं ठेवायची तर ठेवा. त्याची तुम्हाला सवय आहे.

चारचौघांत तुम्ही मला जे एकदाही बोलू दिलं नाहीत, ते आता लिहून टाकतो. मी जर्मनीत मॅनेजर नाही. नोकरी मनीषाला लागली. तुमची सून तिथल्या एका इस्पितळात नर्स आहे, आणि मी बुऱ्हाणपूरच्या खाजगी कॉलेजातलं केमिस्ट्री शिकवणं सोडून तिच्यासोबत गेलो. तिचा नवरा म्हणून. तिथे राहायचं माझं जे कार्ड आहे, ते तिच्या नोकरीला बांधलेलं आहे. ती पाळीवर जाते. मी चिऊला बालवाडीत सोडतो, घरी येऊन स्वयंपाक करतो, धुणं वाळत घालतो, चिऊला आणतो आणि उरलेल्या वेळात त्यांची भाषा शिकतो. माझ्या डिगरीचे कागद तिकडच्या लोकांना पसंत पडत नाहीत आणि भाषा तोंडात बसल्याशिवाय वर्गावर कोणी उभं करत नाही. एवढंच आहे हे. यात मी चोरी केलेली नाही, कोणाला लुबाडलेलं नाही. तरी उभ्या गावापासून तुम्ही ते असं झाकलंत, जणू मी तुरुंगात होतो.

मॅनेजर हा हुद्दा तुम्हाला कुठे सापडला, ते मी ओळखून आहे. पीककर्जासाठी बँकेतल्या मॅनेजरच्या केबिनबाहेर बाकावर तुमचं अर्धं आयुष्य गेलं. आत बसलेल्या त्या माणसाहून मोठं कोणी असू शकतं हे तुम्हाला माहीतच नव्हतं. म्हणून मला तिथे बसवलंत. मला आधी विचारलं मात्र नाहीत.

तुम्ही कधी विचारलंच नाहीत की तिथे कसं वाटतं. मी सांगायला लागलो की तुम्ही आईच्या हातात फोन द्यायचात. आता ऐका. आमच्या भाषेच्या वर्गात बहुतेक सगळ्या बायका. कोणी तुर्कस्तानातली, कोणी सीरियातली, एक व्हिएतनामची. नवऱ्यामागे आलेल्या. त्यांच्यात मी एकटा मिशीवाला. पहिल्या दिवशी मास्तरीण बाईंनी प्रत्येकाला विचारलं, काय करता? मी म्हणालो, शिकवतो. बाई म्हणाल्या, छान, इथे कुठल्या शाळेत? आमच्या घराच्या दारावरच्या पाटीवर मनीषाचं आडनाव वर. ते तिचं माहेरचंच, कागदोपत्री तेच राहिलंय. डॉक्टरकडे गेलं की आधी तिचं नाव सांगायचं, मग माझं. पहिल्या हिवाळ्यात एका रविवारी मी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली, तर खालच्या मजल्यावरची म्हातारी वर आली आणि दारात उभी राहून मला झापून गेली. रविवारी तिथे आवाज करायचा नसतो. मला तिचे निम्मे शब्दही कळले नाहीत, पण ओरडा कळला. ती अजूनही माझ्याशी धड बोलत नाही.

ज्योती लग्न होऊन भुसावळला गेली तेव्हा तुम्ही तापीच्या पुलापर्यंत गाडीमागे चालत गेला होता. महिनाभर रोज तिच्या सासरी फोन. पोरगी परक्या घरात रुळली का, जेवते का, तिला कोणी बोलत तर नाही ना. मी परक्या देशात गेलो आणि तुमचा प्रश्न एकच, ऑफिस घरापासून किती लांब आहे?

दर रविवारी तुमचा फोन यायचा, ओट्यावरून, स्पीकर लावून. तुमचे दोस्त लोटूकाका आणि दोन-चार मंडळी आजूबाजूला बसलेली असणार हे मला त्यांच्या खोकण्यावरून कळायचं. तुम्ही मोठ्यानं विचारायचात, काम जास्त आहे का रे? मी लसूण सोलत असायचो. हो म्हणायचो. तुम्ही विचारायचात, हाताखाली माणसं किती? मी म्हणायचो, आहेत. मग तुम्ही समाधानानं मंडळींना सांगायचात की फुरसत नसते त्याला, आणि फोन ठेवायचात. एकदा मी म्हणालो, बापू, स्पीकर बंद करा, मला बोलायचंय. तुम्ही म्हणालात, आवाज येत नाही. आवाज स्वच्छ येत होता.

सगळंच वाईट होतं असं लिहिलं तर मी खोटा ठरेन, आणि घरात एक पुरे झाला. केळीवरून आपण बोलायचो तेव्हा बरं असायचं. तिथल्या दुकानात केळी असतात, एकसारखी, चिकटपट्टीचा शिक्का मारलेली. मी कितीतरी दिवस घेतलीच नव्हती. केळीच्या बागेत वाढलेल्या माणसानं केळी विकत घ्यायची म्हणजे जिवावर येतं. शेवटी चिऊनं हट्ट केला म्हणून घेतली आणि तुम्हाला व्हिडिओवर दाखवली. त्या दिवशी तुम्ही एकटे होता, शेतातल्या खोलीत. फणी उलटी धर म्हणालात. देठ दाखव. मग शिक्का काढून साल दाखव. डाग नाही एक, म्हणालात, आणि कितीतरी वेळ बघत राहिलात. आपल्या मालाला ट्रकमध्ये भरताना जे मार बसतात त्यावर तुम्ही बोलत सुटलात आणि मी कट्ट्याला टेकून ऐकत राहिलो. मागे कुकर शिट्ट्या देत होता, तो तुम्हाला ऐकू आला असणार. तुम्ही काही बोलला नाहीत. त्या दिवशी तुम्ही मला काहीही बनवलं नाहीत, मुलगाच ठेवलंत. त्याबद्दल मी तुमचा आभारी आहे, बापू, हे मनापासून लिहितोय.

आणि दुसरी ती खिचडी. मी लहान होतो. आई तिच्या माहेरी, जैनाबादला गेली की आपण दोघं शेतातल्या खोलीवर मुक्कामाला. दुपारी तुम्ही दार लोटून घ्यायचात, आतून कडी लावायचात आणि चुलीवर खिचडी टाकायचात. लसूण ठेचून, लाल मिरची तेलात काळी होईस्तोवर. तशी खिचडी मी परत कुठे खाल्ली नाही. धूर डोळ्यात जायचा, पण तुम्ही दार उघडायचा नाहीत. कोणी मजूर आलाच तर तुम्ही सांगायचात, सकाळी बाई करून गेली. मलाही बजावून ठेवलं होतं तसं. तेव्हा मला तो आपला दोघांचा खेळ वाटायचा. तो खेळ नव्हता, हे कळायला मला जर्मनीत जावं लागलं. एवढी सुरेख खिचडी करणारा माणूस जन्मभर कडी लावूनच ती करत राहिला आणि मुलगा दार उघडं ठेवून करायला लागला तर त्याला मॅनेजर करून टाकलंत.

आपल्याकडे आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, लेकी माहेरी येतात. झोक्यावर बसतात, आंबरस खातात, कामाला हात लावत नाहीत. मनीषाला रजा नेमकी तेव्हाच मिळायची, म्हणून आम्ही दोन-तीनदा आखाजीलाच आलो. मनीषा चिऊला घेऊन तिच्या माहेरी फोपनारला, आणि मी आपल्या घरी. ज्योतीनं लगेच चिडवायला घेतलं, माहेरवाशीण आली गं आई, झोका दे तिला. सगळे हसले, मीही हसलो. तुम्ही उठून बागेत गेलात. मागच्या वेळी आईचे गुडघे धरले होते, म्हणून पुरणाच्या पोळ्या मी लाटल्या. चांगल्या झाल्या होत्या. तुम्ही लोटूकाकांना जेवायला बसवलं होतं. दोन पोळ्या खाल्ल्यात, तिसरी मागितलीत, आणि म्हणालात, आज पोळी काय लुसलुशीत आहे. ज्योती वाढता वाढता बोलून गेली की दादानं केल्यात. तुम्ही ताटातली पोळी तशीच ठेवलीत, ताटात हात धुतलेत, लोटूकाकांना म्हणालात, चेष्टा करते पोरगी, आणि उठून गेलात. ती अर्धी पोळी मी उचलली. बाकी सगळं मी विसरेन एक वेळ. ते पाणी पडलेलं पुरण विसरत नाही.

आता शेवटच्या फोनबद्दल. संक्रांत होऊन गेली होती. तुम्ही म्हणालात, लोटूच्या पंकजला तिकडे तुझ्या कंपनीत लाव, मी शब्द दिलाय. मी म्हणालो, कोणती कंपनी, बापू? तुम्ही म्हणालात, नाटकं करू नको. मी म्हणालो, नाटक मी करत नाहीये, जाऊन लोटूकाकांना खरं सांगा. मग तुम्ही जे बोललात ते अजून माझ्या कानात आहे.

“बायकोच्या मांगं जानारा मानूस माह्या घरचा नाही.”

मी म्हणालो, मग मला तुमच्या घरचा म्हणू नका. तुम्ही फोन ठेवलात. त्यानंतर तुमचा फोन आला नाही. मी आईला करायचो, तुम्ही मागे कुठेतरी असायचात, बातम्यांचा आवाज मोठा करायचात. मला वाटलं होतं, आखाजीला येईन तेव्हा समोरासमोर काय ते होऊन जाऊ दे. भांडण मी राखून ठेवलं होतं, बापू. तुम्ही ते न संपवता निघून गेलात, सकाळी बागेत पाणी सोडायला गेलेले परत आलाच नाहीत.

तुमच्या उत्तरकार्याच्या, गंधमुक्तीच्या दिवशी गाव जेवून गेलं. शोकाच्या बैठकीत जो येईल तो माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणायचा, तिकडचं एवढं काम सोडून आला, बापाचं नशीब. मी मान हलवत होतो. दुपारी मंडळी पांगल्यावर मी लोटूकाकांना बाजूला घेतलं. म्हणालो, काका, चौकातला फ्लेक्स उतरवा, त्यावर खोटं आहे. मी तिथे मॅनेजर नाही, नोकरी मनीषाची आहे, मी घर सांभाळतो. पंकजला मी नाही म्हटलं ते माझ्या हातात काही नव्हतं म्हणून. हे सगळं मी एका दमात बोललो.

लोटूकाकांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिलं. त्यांना नवल वाटलं नव्हतं, फक्त थोडं अवघडल्यासारखं झालं होतं.

“माहीत हाये ना बेटा,” ते म्हणाले. “सूनबाईले नोकरी लागली तं अख्ख्या फोपनारात पेढे वाटले व्हते. फोपनार का अमेरिकेत हाये?”

मी विचारलं, मग पंकजचं?

“पंकज्याचं ठिबकचं दुकान मस्त चालून राहिलं. तो कायले जातो तिकडे? तुहा बापू म्हने, लोकं जलतात, कोनी माह्या पोराले नोकरीचं इचारत बी नाही. तोंड उतरून गेलतं त्याचं. मंग म्या म्हटलं, आपुन इचारू पंकज्यासाठी.”

बापू, तुम्ही ऐकलंत का हे? कोणाचाही विश्वास बसला नव्हता. एकाचाही नाही. सगळं बहादरपूर तुमच्या ओट्यावर बसून तुमचं मन राखत होतं. स्पीकरवर मी लसूण सोलता सोलता हो म्हणायचो तेव्हा तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की हा लसूण सोलत असेल. ते फ्लेक्सवाले मॅनेजर लिहिताना हसले नसतील, मी खात्रीनं सांगतो, त्यांनी तुमची शेवटची इच्छा म्हणून ते लिहिलं असेल. आणि आपण बापलेक ज्या नोकरीवरून तुटलो, ती नोकरी कोणालाच नको होती. जी नोकरी नव्हतीच, ती ज्याला नको होती त्याला देता येत नाही म्हणून तुम्ही मला घरातून काढलंत. माझ्यावर कोणी हसत नव्हतं, बापू. गाव सांभाळून घेत होतं ते तुम्हाला. मला खाली बघायला लावणारे तुम्ही एकटेच होता.

मी तिथेच पायरीवर बसलो आणि तेव्हा पहिल्यांदा रडलो. तुमच्यासाठी की तुमच्यावर, ते विचारू नका. दोन्ही.

आईला सांगितलं तर ती गहू निवडत होती, ती थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, गावाला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. मी चिडलो. म्हणालो, मग बापूंना बोलली का नाहीस? त्यावर ती जे म्हणाली ते तुम्हीही ऐकायला हवं होतं.

“मी बी आलीच की जैनाबादहून, तुह्या बापाच्या मांगं. मले कोनी इचारलं का, तू तिथं काय करतं म्हून? त्याहिनं बी नाही इचारलं.”

मला वाटत होतं की तुमच्याशी माझंच भांडण राहिलंय. तिचं माझ्याहून जुनं निघालं.

मी आखाजीपर्यंत थांबलो. मनीषानं तिकडे चिऊसाठी बिनपगारी रजा टाकली आणि म्हणाली, बापूंची घागर भरूनच ये. मला रजा मागायला तिथे कोणी साहेब नाही, हा मॅनेजर नसण्याचा पहिला फायदा. काल आखाजी झाली. दुःखाचं घर म्हणून झोका बांधला नाही, गोडधोड नेमापुरतं. तुमच्या नावाची नवी घागर आणली, पाणी भरलं, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. भाऊबंद आले, लोटूकाका आले. आगारीची तयारी झाली, गोवऱ्यांचे निखारे फुलले. पितरांचा घास त्यात टाकायचा. पुरणपोळी ज्योतीनं केली होती, मी अंगणात तीन दगड मांडले आणि खिचडी टाकली. लसूण ठेचून, मिरची काळी होईस्तोवर. फाटक सताड उघडं होतं, रस्त्यावरून येणारा-जाणारा बघत होता. आमच्या चुलत काकू म्हणाल्या, आगारीत खिचडी कोण टाकतं? आई म्हणाली, टाकू द्या, त्यांना आवडायची. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली की जैनाबादहून परत आलं की शेतातल्या पातेल्याला फोडणीचा वास असायचा, कधी धड घासलं नाही त्यांनी.

माफ केलं असं मी लिहिणार नाही. तुम्ही असता तर तुम्हीही म्हटलं नसतं. पण जेवायला घातल्याशिवाय पाठवायची आपल्या घराची रीत नाही. मी निखाऱ्यांसमोर बसलो, वर तूप सोडलं आणि खिचडीचा घास ठेवला. मोठ्यानं म्हणालो, म्हणजे फाटकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, की बापू, ही मी केली आहे. आईनं नाही, मनीषानं नाही, मी. माझं तिथे हेच काम आहे. आता ताटात हात धुवून उठायची सोय नाही तुम्हाला.

घास पेटला, धूर सरळ वर गेला. लोटूकाका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पाहा, बापूनं घेतला. खूश झाला तो.

लोटूकाका कोणाचं मन राखायला काय काय म्हणतात, ते आता मला माहीत आहे.